टेपवर चार बॅकअप लिहिले, वाचताना एकच सापडतो: लिनक्स आणि इतर युनिक्सांवर वारंवार येणारी अडचण

रोज रात्री बॅकअपचं काम चालतं. लॉगमध्ये चूक नसते, टेपवर चार आर्काइव्ह लिहिल्याची नोंद असते, सकाळी कुणीतरी कार्ट्रिज बदलतं. असे कित्येक आठवडे जातात आणि एके दिवशी हरवलेल्या एका फाइलसाठी जुनी टेप लावावी लागते. यादी मागितली की चारांपैकी एकच आर्काइव्ह दिसतं, तेही शेवटचं. काही वेळा तेवढंही नशिबात नसतं. आर्काइव्ह बनवणारा आणि वाचणारा प्रोग्रॅम टार 'कॅनॉट अलोकेट मेमरी' म्हणून थांबतो आणि सर्व्हरमध्ये तर रॅम भरपूर मोकळी असते.

ही अडचण नव्या माणसांना येते तशी मुरलेल्यांनाही येते. बहुतेक वेळा दोष ड्राइव्हच्या माथी मारला जातो. कार्ट्रिजांचा नवा संच मागवतात, ड्राइव्ह दुरुस्तीला पाठवतात, आणि तो परत आला की पहिल्याच रात्री तेच घडतं. मी हाताळलेल्या अशा प्रकरणांत यंत्र क्वचितच बिघडलेलं निघालं. टेप आत्ता कुठे उभी आहे आणि तिच्यावरचा ब्लॉक, म्हणजे एका वेळी लिहिलेला डेटाचा तुकडा, केवढा आहे, हे दोन प्रश्न न विचारता कमांड दिली होती, एवढंच बहुतेक ठिकाणी कारण होतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका ठिकाणी बॅकअपची स्क्रिप्ट मला आधीच्या माणसाकडून आयती मिळाली होती. ती आधी होम डिरेक्टरी लिहायची, मग डेटाबेसचा डंप, मग मेल आणि शेवटी ईटीसी, म्हणजे सिस्टिमच्या सेटिंगची डिरेक्टरी. पहिल्यांदा रिस्टोअर करायची वेळ आली तेव्हा टेपवर फक्त ईटीसी मिळालं, काही एमबींचं. आदल्या आठवड्याच्या टेपवरही तेच, त्याच्या आधीच्या टेपवरही तेच. लोकांचं काम ज्यात होतं ते काहीच वाचता येईना. ड्राइव्ह निर्दोष होता, टेपा चांगल्या होत्या. स्क्रिप्टमध्ये एक अक्षर कमी होतं.

शोध सुरू करण्याआधी एक गोष्ट करा आणि ती अजिबात टाळू नका. कार्ट्रिज बाहेर काढा आणि तिच्या कोपऱ्यातली लिखाण-बंदीची खिटी सरकवून बंद करा. गडबडीत टारला 'एक्स'ऐवजी 'सी' दिला गेला, तर टेपच्या सुरुवातीला थोडंसं काहीतरी लिहिलं जातं आणि त्यापुढे ड्राइव्ह 'डेटा इथे संपला' अशी खूण करतो. त्या खुणेपलीकडचा डेटा फितीवर असला तरी ड्राइव्ह तिथवर जाऊन वाचत नाही. माझ्या त्या टेपांचं हेच झालं होतं. होम डिरेक्टरीचा बराचसा भाग फितीवर होताच, पण शेवटी लिहिलेल्या इवल्याशा ईटीसीनंतरची खूण ओलांडून जायची सोय साध्या ड्राइव्हमध्ये नसते.

एक अक्षर: 'एन'

लिनक्सवर एकाच टेप ड्राइव्हला डेव्ह या उपकरणांच्या डिरेक्टरीत दोन मुख्य नावं असतात, एसटी-० आणि एनएसटी-०. ड्राइव्ह तोच, फित तीच. फरक एवढाच की एसटी-० हे नाव वापरणारा प्रोग्रॅम संपला, म्हणजे त्याने डिव्हाइस बंद केलं, की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी-० वापरलं तर टेप जिथे आहे तिथेच थांबते. 'एन' म्हणजे नॉन-रिवाइंडिंग.

आता चार आर्काइव्हची स्क्रिप्ट एसटी-० वर चालवून पाहा. पहिला टार लिहून संपतो, टेप सुरुवातीला येते. दुसरा टार पहिल्याच्या डोक्यावर लिहितो. तिसरा दुसऱ्याच्या, चौथा तिसऱ्याच्या. प्रत्येक टार आपापल्या परीने यशस्वी झालेला असतो, प्रत्येकाचा एक्झिट कोड शून्य असतो, त्यामुळे लॉगमध्ये तक्रार येणार तरी कशी? स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या मनात टेप म्हणजे एक डिरेक्टरी होती आणि तो तिच्यात एकामागून एक फाइली टाकत होता. टेपला फाइलींची नावं नसतात, अनुक्रमणिका नसते. तिला फक्त जागा कळते.

इतर युनिक्सांवरही ही जोडी आहेच, नावं तेवढी वेगळी. फ्रीबीएसडीवर एसए-० गुंडाळतं, एनएसए-० गुंडाळत नाही, आणि ईएसए-० तर बंद होताना कार्ट्रिज बाहेर काढून देतं. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीवर आरएसटी-० आणि एनआरएसटी-०. सोलारिसवर आरएमटी डिरेक्टरीत आकड्यानंतर 'एन' लावलेलं नाव न गुंडाळणारं. दुसऱ्या सिस्टिमवरून उचललेली स्क्रिप्ट वापरताना पहिली नजर या नावावर टाका.

दुरुस्ती सोपी आहे: स्क्रिप्टमध्ये सगळीकडे 'एन'वालं नाव घाला आणि गुंडाळायचं तेव्हा एमटीला (टेप पुढे-मागे नेणाऱ्या कमांडला) रिवाइंड सांगून स्वतः गुंडाळा. पण 'सगळीकडे' या शब्दावर माझा जोर आहे. टारमध्ये एनएसटी-० केलं आणि एमटीच्या ओळींमध्ये एसटी-० तसंच राहिलं, असं मी अनेकदा पाहिलंय. एमटीला एसटी-० देऊन 'दोन फाइली पुढे जा' म्हटलं तर तो आज्ञाधारकपणे दोन फाइली पुढे जातो, संपतो, डिव्हाइस बंद होतं आणि टेप पुन्हा सुरुवातीला येते. तुम्ही पुढे गेलात असं समजून पुढची कमांड देता आणि ती पहिल्या आर्काइव्हवर चालते. एमटीला 'एफ' पर्यायातून डिव्हाइस दरवेळी स्पष्ट द्या. ते दिलं नाही तर तो टेप नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल किंवा स्वतःचं ठरलेलं डिव्हाइस वापरतो, आणि ते प्रत्येक सिस्टिमवर एकच असेल याचा भरवसा नाही.

एकाहून जास्त ड्राइव्ह असतील तर रीबूटनंतर शून्य आणि एक यांची अदलाबदल होऊ शकते. लिनक्सवर डेव्हमध्ये टेप नावाची डिरेक्टरी असते, तिच्यातल्या बाय-आयडीमध्ये ड्राइव्हच्या सिरियल क्रमांकाची नावं असतात आणि शेवटी एनएसटी असलेलं न गुंडाळणारं नावही असतं. स्क्रिप्टमध्ये तेच वापरणं शहाणपणाचं.

टेप कुठे उभी आहे?

काहीही बिनसलं की पहिली कमांड एमटी स्टेटस. त्यात फाइल नंबर आणि ब्लॉक नंबर येतो. फाइल शून्य, ब्लॉक शून्य आणि सोबत बीओटी हा ध्वज असेल तर टेप सुरुवातीला आहे. ईओएफ दिसला तर टेप नुकतीच एखादा फाइलमार्क, म्हणजे दोन फाइलींमधली खूण, ओलांडून पुढच्या फाइलच्या तोंडाशी आहे. ईओडी म्हणजे लिहिलेला डेटा संपला. फाइल नंबर उणे एक आला, तर ड्रायव्हरला टेपची जागाच ठाऊक नाही.

हा उणे एक काही वेळा बस, म्हणजे ड्राइव्ह जोडलेली वाहिनी, रीसेट झाल्यावर येतो. केबल हलली, त्याच कंट्रोलरवरचं दुसरं डिव्हाइस अडकलं आणि कर्नलने रीसेट केला, तर जागा हरवते आणि नंतरचं प्रत्येक वाचन-लेखन 'इनपुट आउटपुट एरर' देऊन नाकारलं जातं. हे नाकारणं तुमच्या भल्यासाठी आहे. जागा माहीत नसताना लिहिणं म्हणजे कुठल्याही जुन्या आर्काइव्हच्या मधोमध लिहिणं. रिवाइंड करा, मग मोजून हव्या त्या फाइलवर जा, काम पूर्ववत होईल. हा एरर पाहून कार्ट्रिज फेकू नका.

आधीच्या आर्काइव्हच्या पुढे नवीन जोडायचं असेल तर लिहिण्याआधी एमटीला ईओएम किंवा ईओडी देऊन डेटाच्या शेवटाला जा, स्टेटसमध्ये ईओडी दिसतोय का आणि फाइल नंबर अपेक्षेइतका आहे का ते पाहा, आणि मगच टार चालवा. स्क्रिप्टमध्ये ही तपासणी घाला: फाइल नंबर जुळला नाही तर लिहायचंच नाही. या एका अटीने माझ्या कितीतरी टेपा वाचल्या आहेत.

'एन' लावलं, तरी दुसरं आर्काइव्ह रिकामं

हा पुढचा खड्डा. एनएसटी-० वापरून पहिल्या आर्काइव्हची यादी घेतली, ती नीट आली. लगेच तीच कमांड पुन्हा दिली, दुसऱ्या आर्काइव्हच्या अपेक्षेने. एकही नाव छापलं जात नाही, चूकही येत नाही. लोक घाबरतात: दुसरं लिहिलंच गेलं नाही की काय!

लिहिलं गेलं आहे. टारला आर्काइव्हच्या शेवटच्या शून्यांचे ब्लॉक दिसले की तो वाचायचं थांबवतो. त्या शून्यांनंतर फाइलमार्क असतो, पण तो अजून ओलांडलेला नसतो. लिनक्सचा टेप ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये बीएसडीच्या रीतीने वागतो, म्हणजे वाचलेली फाइल बंद करताना टेप आहे तिथेच सोडतो. सिस्टिम फाइव्हच्या रीतीत ड्रायव्हर आपणहून पुढचा फाइलमार्क ओलांडतो. त्यामुळे बीएसडी रीतीत दुसऱ्या टारला वाचायला मिळतो तो फक्त फाइलमार्क, म्हणजे शून्य बाइट. त्याच्या दृष्टीने फाइल रिकामी.

दोन वाचनांच्या मध्ये एमटीला एफएसएफ एक, म्हणजे एक फाइलमार्क पुढे, असं द्या, काम होईल. पण आधीचं वाचन कुठे थांबलं यावर हे अवलंबून राहतं, म्हणून मला एएसएफ जास्त आवडतं. एएसएफ तीन म्हटलं की एमटी टेप गुंडाळतो आणि सुरुवातीपासून तीन फाइलमार्क ओलांडून फाइल क्रमांक तीनच्या तोंडाशी उभा राहतो. मोजणी शून्यापासून असते, म्हणजे ते चौथं आर्काइव्ह. वेळ थोडा जास्त जातो, पण जागेबद्दल शंका उरत नाही. मागे जाताना बीएसएफ वापरलंत तर लक्षात ठेवा की तो फाइलमार्कच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे आधीच्या फाइलच्या शेपटीशी थांबतो. तिथून टार चालवला की पुन्हा तेच रिकामं आर्काइव्ह दिसतं.

'कॅनॉट अलोकेट मेमरी' म्हणजे रॅम कमी नव्हे

या चुकीने जितका वेळ वाया घालवला तितका दुसऱ्या कशाने घालवला नसेल, म्हणून इथे जरा थांबू.

डिस्कवर फाइल कितीच्या घासात लिहिली हे वाचताना कुणी विचारत नाही. टेपवर मात्र तो घास कायमचा छापला जातो. ड्राइव्ह व्हेरिएबल ब्लॉक मोडमध्ये असेल, म्हणजे ब्लॉक साइज शून्य ठेवला असेल, तर प्रोग्रॅमने एका राइटमध्ये जितके बाइट दिले तितक्याचा एक ब्लॉक टेपवर बनतो. वाचताना तो अख्खा ब्लॉक एका रीडमध्ये घ्यावा लागतो. तुमच्या रीडचा बफर ब्लॉकपेक्षा लहान असेल तर लिनक्सचा ड्रायव्हर अर्धा ब्लॉक देत नाही. तो ईनोमेम हा कोड परत करतो आणि त्याचं भाषांतर होतं 'कॅनॉट अलोकेट मेमरी'.

टारचा नेहमीचा ब्लॉकिंग फॅक्टर २० आहे, म्हणजे २० गुणिले ५१२, एकूण १०२४० बाइट. बॅकअप लिहिणाऱ्याने वेग वाढवण्यासाठी छोट्या 'बी' पर्यायात ५१२ दिलं असेल तर प्रत्येक ब्लॉक २६२१४४ बाइटचा, म्हणजे २५६ केबीचा होतो. आता दुसरा माणूस कुठलाही पर्याय न देता ती टेप वाचायला गेला की १०२४० च्या वाटीत २६२१४४ मावत नाही. कर्नलच्या लॉगमध्ये हे दोन्ही आकडे स्वच्छ लिहिलेले असतात: इतक्या बाइटचा ब्लॉक इतक्या बाइटच्या ट्रान्स्फरमध्ये वाचता आला नाही. डीमेसेज ही तो लॉग दाखवणारी कमांड पाहायची सवय ठेवलीत तर दोषाचं निदान अर्ध्या मिनिटात होतं. मोठा आकडा घ्या, ५१२ ने भागा, आणि येईल तो 'बी'मध्ये द्या. त्याआधी रिवाइंड करायला विसरू नका, कारण फसलेल्या वाचनातही टेप तो ब्लॉक ओलांडून पुढे गेलेली असते.

लॉग हाताशी नसेल, टेप दुसऱ्याच कुठल्या मशीनवरून आलेली असेल, तर डीडी, म्हणजे ब्लॉकच्या हिशेबाने कॉपी करणारा प्रोग्रॅम, वापरा. आधी एमटीने सेटबीएलके शून्य देऊन ड्राइव्ह व्हेरिएबल मोडमध्ये आणा, टेप गुंडाळा, आणि डीडीला बीएस १ एमबी व काउंट एक देऊन एकच ब्लॉक एखाद्या तात्पुरत्या फाइलमध्ये वाचा. डीडी किती बाइट कॉपी केले ते सांगतो. तोच तुमचा ब्लॉक. तीच फाइल 'फाइल' कमांडला दाखवली तर आत टार आहे, सीपीआयओ आहे की जीझिप, हेही कळतं. अनोळखी टेप हातात आली की मी सगळ्यात आधी हेच करतो.

सेटबीएलके दिल्यावर एमटी 'अशी कमांड नाही' म्हणाला तर गोंधळू नका. लिनक्सवर एमटी या एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम फिरत असतात. एक ग्नू सीपीआयओसोबत येतो आणि दुसरा एमटी-एसटी नावाच्या पॅकेजात. सेटबीएलकेसारखे लिनक्सच्या ड्रायव्हरचे खास पर्याय दुसऱ्यात आहेत. तो बसवा. त्याच पॅकेजातला एसटीइनिट ईटीसीमधली एसटीइनिट डेफ फाइल वाचून ड्राइव्हचं सेटिंग लावतो. सेटबीएलकेने केलेला बदल रीबूटनंतर टिकेल असं धरून चालू नका. तो या फाइलमध्ये तरी ठेवा किंवा प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत द्या.

उलट बाजूही आहे. ड्राइव्ह फिक्स्ड मोडमध्ये, समजा ६४ केबीवर, ठेवलेला असेल आणि टार १०२४० चे घास देऊ लागला, तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं, कारण प्रत्येक राइट ठरलेल्या ब्लॉकच्या पटीतच असावा लागतो. आणि व्हेरिएबल मोडमध्ये लिहिलेली टेप भलत्याच फिक्स्ड आकाराने वाचली की 'इनपुट आउटपुट एरर' येतो, जो पाहून कुणालाही वाटेल की फितच खराब झाली. माझं मत स्पष्ट आहे: ड्राइव्ह कायम व्हेरिएबल मोडमध्ये ठेवा आणि टारचा ब्लॉकिंग फॅक्टर सगळीकडे एकच वापरा. २५६ केबी हा आकार मला बरा वाटतो. फार मोठे ब्लॉक मोहक असतात, पण या कंट्रोलरवर जमलेला भलामोठा ब्लॉक दुसऱ्या मशीनच्या कंट्रोलरला एका घासात घेता येईलच असं नाही. रिस्टोअर बहुधा दुसऱ्याच मशीनवर करावा लागतो.

पाइपमधून येणारे तुकडे

वरचं सगळं पाळूनही ब्लॉकची अडचण येत असेल तर टार आणि टेप यांच्यामध्ये पाइप, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणारी जोडणी, आहे का पाहा. नेहमीचा नमुना असा: एका मशीनवर टार, एसएसएचमधून दुसऱ्या मशीनवर, तिथे डीडी बीएस २५६ केबी देऊन एनएसटी-० वर लिहितो. कागदावर सगळं बरोबर दिसतं.

पाइपमधून मात्र डीडीच्या हाती दरवेळी २५६ केबी पडत नाहीत. लिनक्सवर पाइपची नेहमीची क्षमता ६४ केबी असते आणि नेटवर्कवरून जे येईल ते येतं. बीएस दिलेला डीडी जितकं वाचलं तितकंच लगेच लिहून टाकतो. परिणाम म्हणजे टेपवर वेगवेगळ्या आकाराचे, लहानमोठे ब्लॉक. बीएसऐवजी ओबीएस २५६ केबी द्या. मग डीडी येणारे तुकडे साठवतो आणि पूर्ण २५६ केबी झाले की एक ब्लॉक लिहितो. ग्नू डीडीमध्ये आयफ्लॅग फुलब्लॉक हा दुसरा मार्ग आहे. आधीच असे वेडेवाकडे ब्लॉक लिहिले गेले असतील तर टेप वाया गेलेली नाही. डीडीने मोठा आयबीएस देऊन ती वाचा आणि पाइपमधून टारकडे पाठवा, टारला कॅपिटल 'बी' पर्याय म्हणजे पूर्ण रेकॉर्ड जमेपर्यंत वाचत राहण्याची सूचना द्या.

पाइपचा आणखी एक त्रास आहे आणि तो जास्त घातक आहे. पाइपलाइनचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या प्रोग्रॅमचा कोड. डाव्या बाजूचा टार मध्येच कोसळला तरी उजवीकडचा डीडी मिळालं तेवढं लिहून आनंदाने शून्य परत करतो. बॅशमध्ये पाइपफेल लावा, म्हणजे मधला कुठलाही प्रोग्रॅम फसला तर पाइपलाइन फसली असं धरलं जातं.

ड्राइव्ह सतत मागे-पुढे होतोय

लिहिताना ड्राइव्ह थांबतो, घरघरतो, मागे जातो, पुन्हा सुरू होतो, आणि तीन तासांचं काम बारा तास चालतं. याला शू-शाइनिंग म्हणतात, बुटावर पॉलिशचं फडकं मागे-पुढे फिरावं तसं. फित वेगाने धावत असते आणि डेटा आला नाही तर ड्राइव्हला ती थांबवून, मागे नेऊन, पुन्हा वेग घेऊन त्याच जागी यावं लागतं. एलटीओ या आजच्या प्रचलित टेप प्रकारात सहाव्या पिढीचा, एलटीओ-६ चा, कॉम्प्रेशनशिवायचा वेग सेकंदाला १६० एमबी आहे, एलटीओ-७ चा ३००, एलटीओ-८ चा ३६०. हे ड्राइव्ह येणाऱ्या डेटाप्रमाणे वेग कमी करू शकतात, पण त्याला खालची मर्यादा असते. लाखो लहान फाइली असलेली डिरेक्टरी फिरत्या डिस्कवरून वाचताना त्या मर्यादेखाली जाणं मुळीच अवघड नाही.

यात फक्त वेळ जात नाही. एलटीओ-६ ची ८४६ मीटरची फित पूर्ण भरताना एरवीही १३६ वेळा एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्यात हे थांबणं-फिरणं भरीला पडलं की फित आणि हेड दोन्ही झिजतात.

उपाय म्हणजे मध्ये मोठा बफर. एमबफर नावाचा प्रोग्रॅम टार आणि टेपच्या मध्ये बसवा, त्याला काही जीबी मेमरी द्या, ब्लॉक २५६ केबी ठेवा, आणि कॅपिटल 'पी' पर्यायाने ८० सांगा, म्हणजे बफर ८० टक्के भरेपर्यंत तो टेपला हात लावत नाही. ड्राइव्ह मग लांब पल्ल्याने लिहितो आणि थांबला तरी मोजक्या वेळा थांबतो. डेटा फारच हळू येत असेल तर आधी सगळं वेगळ्या वेगवान डिस्कवर जमवा आणि तिथून एका दमात टेपवर घाला. बाकुला आणि अमांडा या बॅकअप प्रोग्रॅमांमधलं अनुक्रमे डेटा स्पूलिंग आणि होल्डिंग डिस्क यासाठीच आहेत.

वेग वाढवायला म्हणून टारवर जीझिप लावू नका. ड्राइव्ह स्वतः कॉम्प्रेस करतो, आणि सलग जीझिप केलेल्या आर्काइव्हमधला एक ब्लॉक गेला तर त्यापुढचं सारं उलगडणं जवळजवळ अशक्य होतं. साध्या टारमध्ये एक-दोन फाइली जातात, बाकीच्या मिळतात. कार्ट्रिजवर छापलेला दुप्पट-अडीचपट क्षमतेचा आकडाही हिशेबात धरू नका. व्हिडिओ, जेपीईजी किंवा आधीच एन्क्रिप्ट केलेला डेटा आणखी आकसत नाही.

थोडक्यात उरलेल्या

'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' असं आलं तर फाइल सिस्टम शोधत बसू नका. कार्ट्रिजची लिखाण-बंदीची खिटी बंद आहे. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ड्राइव्ह उघडून ठेवला आहे, एफयूझर सांगेल कुणी ते. बहुधा कालच्या रात्रीचंच काम अजून अडकलेलं असतं.

एलटीओ-९ चं कोरं कार्ट्रिज पहिल्यांदा लावलं की ड्राइव्ह ते स्वतःशी जुळवून घेतो आणि त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. ड्राइव्ह लटकला असं समजून वीज बंद करू नका. नव्या संचातली सगळी कार्ट्रिजं दिवसा, सवडीने एकदा लावून ठेवा.

खऱ्या यांत्रिक बिघाडासाठी ड्राइव्हचे टेपअलर्ट ध्वज पाहा. स्मार्टसीटीएल किंवा एसजी-लॉग्ज ते दाखवतात. २० क्रमांकाचा ध्वज म्हणजे 'आत्ता साफ करा', २१ म्हणजे नियमित सफाईची वेळ. वाचल्यावर ध्वज पुसले जातात, म्हणून वाचाल तेव्हा लॉगमध्ये साठवा. सफाईचं कार्ट्रिज ड्राइव्ह मागेल तेव्हाच लावा, दर सोमवारी वगैरे नको. आणि मोजक्या वापरांनंतर ते संपतं, त्यानंतर लावून उपयोग नसतो.

लिहून झालं, आता वाचा

हे सगळं मला ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून मी टेप वाचल्याशिवाय ती कपाटात ठेवत नाही. टारचा कंपेअर पर्याय टेपवरचं आर्काइव्ह डिस्कवरच्या फाइलींशी ताडून पाहतो. मधल्या वेळात बदललेल्या फाइली त्यात दिसणारच, त्या ओळखायची सवय होते. वेळ लागतो हे खरं. पूर्ण भरलेली २.५ टीबीची एलटीओ-६ टेप १६० एमबीच्या वेगाने वाचायला साधारण चार तास वीस मिनिटं जातात. रोज जमत नसेल तर रोज निदान प्रत्येक आर्काइव्हची एएसएफने जागा गाठून यादी काढा. माझ्या त्या स्क्रिप्टमध्ये एवढं जरी असतं तरी पहिल्याच रात्री कळलं असतं की फाइल एक, दोन आणि तीन टेपवर नाहीतच. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या ड्राइव्हवर खरा रिस्टोअर करा. एलटीओच्या पिढ्यांकडेही तेव्हा लक्ष जातं: एलटीओ-७ ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या, म्हणजे एलटीओ-५ पर्यंत वाचतो, पण एलटीओ-८ ड्राइव्ह फक्त एलटीओ-७ आणि ८ वाचतो. जुना ड्राइव्ह टाकून देण्याआधी कपाटातल्या टेपा कुठल्या आहेत ते पाहा.

आणि कार्ट्रिजच्या लेबलवर तारखेसोबत एवढं लिहा: टार की आणखी काही, ब्लॉक किती बाइटचा, किती आर्काइव्ह आणि कोणत्या क्रमाने. मी 'टार, २६२१४४, ० होम, १ डेटाबेस, २ मेल, ३ ईटीसी' असं लिहितो. तीच ओळ प्रत्येक टेपच्या पहिल्या फाइलमध्ये घालायचा मोह होतो, पण ती वाचायलाही आधी ब्लॉक माहीत असावा लागतो, म्हणून ती पेनाने बाहेरच लिहिलेली बरी.